सहा सोमारी

देवाजी बोरकुटेने यादी टेबलावर अशी आपटली की उर्वशीच्या कपातला चहा बशीत आला.

"मेलेल्या?" तो म्हणाला. "सहाच्या सहा? यातल्या पाच जणी बाहेर बाकावर बसून आहेत, मॅडम. सकाळी दहापासून. जाऊन हात लावून पाहा."

उर्वशीने बशीतला चहा कपात ओतला आणि यादी आपल्याकडे ओढून घेतली. तीन आठवड्यांत तिने या बँकेच्या नऊ शाखा पालथ्या घातल्या होत्या आणि प्रत्येक शाखेत कोणी ना कोणी काहीतरी आपटलं होतं. आरमोरीचा मॅनेजर मात्र सगळ्यांत मोठ्या आवाजाचा निघाला.

"यादी मी नाही बनवली, सर. सिस्टमने काढलीय."

"आणि सिस्टम कोणी बनवली?"

"आमच्या कंपनीने."

"मग? मी बाहेर जाऊन त्या बायांना काय सांगू? पुण्याच्या कंपनीनं तुमचं क्रियाकर्म उरकलं म्हणून?"

बँक छोटी होती, सहकारी. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तिच्यावर ताशेरे आले होते. ग्राहकांची माहिती अपुरी, एकाच माणसाची तीन-तीन खाती, खरं कोण आणि खोटं कोण याचा पत्ता नाही. सहा महिन्यांत सुधारा, नाहीतर परवान्याचं पाहू. संचालक मंडळाची पाचावर धारण बसली आणि त्यांनी पुण्याहून सल्लागार कंपनी आणली. आजारी बँकांना कागदावर ठणठणीत करून देणं हा या कंपनीचा धंदा. आज एकतीस मे, आणि यादी संध्याकाळी पाचला कायमची बंद व्हायची होती.

कंपनीने नियम साधा केला होता. नाव, जन्मतारीख आणि गाव, तिन्ही जुळलं की तो एकच माणूस. त्याची सगळी खाती एका क्रमांकाखाली आणायची. आता कोसमटोला हे गाव धानोऱ्याच्या बाजूच्या जंगलातलं. तिथे सोमवारी जन्मली ती सोमारी, मंगळवारी जन्मली ती मंगली, शुक्रवारी झाला तो सुकलू. गावातली घरं बहुतेक हलाम्यांची. म्हणजे सोमारी हलामी नावाच्या सहा बायका गावात असणं यात नवल नाही, वार सातच असतात. कंपनीच्या सिस्टमने या सहा जणींना गोळा करून एकच सोमारी केली. त्यातली एक दोन वर्षांपूर्वी वारली होती आणि देवाजीने तिच्या मृत्यूचा दाखला रीतसर नोंदवला होता. एक मेली म्हटल्यावर सहाही मेल्या. तेंदूपत्त्याची मजुरी खात्यात आली होती, मिरुग तोंडावर होता, धानाचं बियाणं घ्यायचं होतं, आणि पाचही जणींना खिडकीवरून सांगण्यात आलं होतं की पैसे निघणार नाहीत.

"पैसे कुठे जात नाहीत, सर," उर्वशी म्हणाली. "खातं बंद झालं तरी वारसांनी अर्ज केला की..."

"वारसांनी!" देवाजी खुर्चीतून अर्धा उठला. "जिवंत बाईनं तिकडे बसून राहायचं आणि तिच्या पोरानं वारस म्हणून अर्ज करायचा? ऐकून राह्यले का तुम्ही, स्वतः काय बोलता ते? याले म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. कधी कोसमटोला पाहिलं का? नकाशात तरी?"

"नाही पाहिलं."

"मग कोण कोणाचं नाव का ठेवते ते तुमच्या सिस्टमले काय कळंल?"

उर्वशीने पेन्सिल उचलली. तिचा आवाज चढला नाही, आणि देवाजीला त्याचाच जास्त राग आला.

"नावाचं मला कळलं, सर. काल मंगली आणि सुकलूंच्याही याद्या आल्यात. नावं सारखी असू शकतात, मान्य. पण सहा सोमारी, सगळ्या एकाच तारखेला? एक जानेवारी, सालही तेच? आणि मंगल्याही एक जानेवारीलाच? पूर्ण गावात चौसष्ट खाती आहेत अशी. नाव वेगळं असतं तरी सुटलं असतं, तारीख वेगळी असती तरी सुटलं असतं."

देवाजी उठला. त्याने कूलर बंद केला, पुन्हा चालू केला, आणि शिपायाला हाक मारून बाहेर पाणी देऊन यायला सांगितलं.

तेवढ्यात मुख्य कार्यालयातून फोन आला. महाव्यवस्थापक प्रफुल निकुरे देवाजीहून पंधरा वर्षांनी लहान होते, पण साहेब ते साहेब.

"बोरकुटे, तुमच्या शाखेचा खुलासा तेवढा राहिला. बाकी सगळ्यांचे आले."

"साहेब, खाती खरी आहेत. माणसं जिवंत आहेत."

"असतील. पण चौसष्ट जणांची एकच जन्मतारीख आहे, हे मी तपासणीवाल्यांना कोणत्या तोंडानं सांगू? ते म्हणतील, उद्दिष्ट गाठायला खोटी खाती उघडली. फॉर्मवर कारणाचे तीन रकाने आहेत. पहिला, टायपिंगची चूक. चौसष्ट वेळा तीच चूक कोणी मानत नाही. दुसरा, ग्राहकानं चुकीची माहिती दिली. त्याच्यावर खूण करा, सही करा, खाती संशयास्पद म्हणून बंद होतील, बँक मोकळी, तुम्ही मोकळे."

"आणि तिसरा?"

"तिसरा 'अन्य'. त्यात कोणी काही लिहीत नसतं. तुमचा एकच महिना राहिला, बोरकुटे. निरोप समारंभाची शालसुद्धा आणून ठेवलीय. शेवटच्या महिन्यात चौकशी मागं लावून घेऊ नका."

फोन ठेवल्यावर देवाजीने फॉर्म ओढला, दुसऱ्या रकान्यात खूण केली, सही ठोकली आणि फॉर्म टेबलाच्या खणात टाकला. उर्वशी पाहत होती. तिने पाहिलं याचा त्याला एवढा राग आला की खण बंद करताना बोट चेंगरलं.

एक महिना. त्यावरूनही देवाजीचं एक जुनं भांडण होतं, आणि शाखेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे. त्याची आई सांगायची, धानाची कापणी चालू होती, बांधीतून मले घरी आणलं अन् तू झाला. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. शाळेच्या मास्तरने मात्र आईला काही न विचारता एक जुलै लिहून टाकली. अख्ख्या वर्गाची एक जुलै. "माझ्या नोकरीचे चार महिने त्या मास्तरनं खाल्ले," असं देवाजी गेली वीस वर्षं सांगत होता. मास्तर मरून पंचवीस वर्षं झाली होती, पण देवाजीने त्याला अजून माफ केलं नव्हतं.

दारात सावली पडली. शिपाई मागून "बाई, थांबा" म्हणत होता, पण सोमारी हलामी थांबणाऱ्यांतली नव्हती. साठीच्या आसपासची, उंच, काटक. तेंदू खुडून बोटांची टोकं काळी पडलेली. तिने हातातली प्लॅस्टिकची पिशवी देवाजीच्या टेबलावर, त्याच यादीवर ठेवली.

"भाऊ, तो खिडकीतला पोरगा म्हणते का मी मेली."

"बस, बाई."

"बसाले नाई आली. मी मेली का नाई ते सांग."

"तू नाई मेली. मशीनची चूक झाली."

"मंग मशीनले सांग."

"त्याचंच चालू आहे, बाई. या मॅडम पुण्याहून आल्या आहेत, मशीन यांचं आहे. यांनाच विचार." देवाजीने दोन्ही हात उर्वशीकडे केले. सकाळपासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

सोमारीने उर्वशीला खालीवर पाहिलं.

"काऊन वो बाई? आमी साऱ्या सोमारी. मी सोमवारी झाली, ते बाहेर बसली ते बी सोमवारी झाली. दुनियेत सोमवार एकच आला होता का?"

"नाही," उर्वशी म्हणाली. "तेच मी सरांना म्हणत होते. बसा ना. आधार आणलंय का?"

सोमारीने न बसताच पिशवीतून आधार कार्ड काढलं. कार्डाला प्लॅस्टिक चढवलेलं होतं आणि चारी कोपऱ्यांना हळदीचे डाग होते. उर्वशीने ते उजेडाकडे धरलं.

"इथेही एक जानेवारीच आहे."

"आधारवाल्याईनं बँकेचं पुस्तक मांगलं. पुस्तकात हाये तेच लिवतो म्हणे."

"आणि पुस्तकात ही तारीख कोणी लिहिली?"

प्रश्न सोमारीला होता. देवाजीने मध्येच तोंड घातलं.

"मॅडम, जुन्या गोष्टी आहेत. अकरा वर्षं झाली. खेड्यातल्या माणसाला तारीख माहीत नसते, हे तुम्हाला पुण्यात बसून कळणार नाही. ते जे सांगतात..."

"मले मालूम हाये माहा जलम," सोमारी म्हणाली.

सोमारी देवाजीकडे पाहत होती.

"तू आमच्या गावात आला होता, भाऊ. गोटुलाच्या अंगणात टेबल टाकलं होतं. दिवसभर कागद भरले तुनं. मी तुले सांगतलं होतं. मोहाच्या पंडुमाचा सण झाला, त्यानंतरचा सोमवार, ज्या साली नदीनं जुना घाट नेला ते साल. माह्या मायनं मले तसंच सांगतलं, मी तुले तसंच सांगतलं. तू काय म्हणाला, याद हाये का?"

देवाजीला आठवत होतं. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराच्या, अंगणातल्या त्या टेबलाला एक पाय कमी होता आणि त्याखाली दगड लावला होता. दोनशे फॉर्म, उन्हं उतरायच्या आत संपवायचे, वरून दर तासाला फोन. जन्माचा दाखला नसलेला रांगेतला पहिला माणूस जन्माचं सांगताना एवढा वेळ घेत होता की देवाजीच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने पेन उचललं, मनाला येईल ते एक साल धरलं आणि एक जानेवारी लिहिली. दुसऱ्यालाही तेच लिहिलं. तिसऱ्यापासून त्याने विचारणंच सोडलं. लोक मात्र आपणहून सांगत राहिले.

"म्हणाला, बाई, तुमचं पंडुम कम्प्युटर घेत नाई," सोमारी म्हणाली. "अन् तू हासला. सारे हासले. मी बी हासली. मले वाटलं, नसंल घेत. तू शिकलेला मानूस."

"दोनशे फॉर्म होते!" देवाजी ओरडला. शाखेतली माणसं काचेतून वळून पाहू लागली, पण त्याला थांबता आलं नाही. "एका दिवसात दोनशे! जेवलो नव्हतो मी! नदीनं घाट नेला ते साल कोणतं, ते शोधत बसलो असतो का? अशी चौसष्ट माणसं. प्रत्येकाची एक गोष्ट. खाती उघडली नसती तर आज तेंदूचे पैसे कुठं आले असते? ठेकेदाराच्या मुनीमाच्या पाया पडत बसल्या असत्या तुमी. उपकार राह्यले बाजूला, अन् वरून..."

तो थांबला, कारण सोमारी रागावलेली दिसत नव्हती. ती फक्त पाहत होती, दुकानदार माप मारताना दिसला की गिऱ्हाईक पाहतं तशी.

"आमाले वाटलं, तुले मालूम नसंल," ती म्हणाली. "तुले तं सारं मालूम होतं."

उर्वशीने मान खाली घातली आणि यादीवर उगाच एक रेघ ओढली. मग तिने पाण्याची बाटली देवाजीकडे सरकवली. देवाजीने ती घेतली नाही. त्याला सगळ्यांचा राग आला होता: या पोरीचा, निकुरे साहेबांचा, त्यांच्या शालीचा, गोटुलाच्या अंगणातल्या त्या लंगड्या टेबलाचा. सकाळपासून तो हा राग एकेकावर टाकून पाहत होता आणि तो कुणावरच नीट बसत नव्हता. आता तो जिथे बसायचा तिथे येऊन बसला.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

त्याने खण उघडला. फॉर्म वर काढला, दुसऱ्या रकान्यातली खूण पाहिली. ग्राहकाने चुकीची माहिती दिली. सही झोकदार आली होती, खाली दोन टिंबं.

"मॅडम, कोरा फॉर्म आहे का?"

"आहे." तिने बॅगेतून काढला, पण लगेच दिला नाही. "सर, एक सांगू? 'अन्य'मध्ये 'जुन्या प्रणालीतील त्रुटी' असं लिहिलेलं कधीकधी चालून जातं. मी मागच्या एका बँकेत..."

"चालून जाते," देवाजी म्हणाला. "अकरा वर्षं चालूनच राह्यलं ना."

"तसं नाही. तुम्ही दुसरं काही लिहिलंत तर मला ते तसंच वर पाठवावं लागेल. एका महिन्यावर निवृत्ती आहे तुमची. चौकशी लागली की ग्रॅच्युइटी अडकते."

"अन् खाती?"

उर्वशीने फॉर्म उलटून मागचे नियम पाहिले.

"शाखेने चूक कबूल केली, तर चौसष्टपैकी जिवंत माणसाचं एकही खातं बंद करता येत नाही. माणसं समोर येतील तशी वेगळी करावीच लागतात. नियम तोच आहे."

"मग द्या."

त्याने पहिला फॉर्म फाडला. एकदाच, आडवा, आणि तुकडे यादीवर ठेवले. नव्या फॉर्मवर तिसऱ्या रकान्यासमोर दोन ओळींची जागा होती. एवढ्या वर्षांत त्याने बँकेच्या भाषेत हजारो खुलासे लिहिले होते. 'सबब', 'उपरोक्त', 'अनवधानाने' हे शब्द त्याच्या पेनात भरलेलेच असत. आज त्यातला एकही उपयोगी पडला नाही. बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं: जन्म केव्हाचा ते ग्राहकांनी सांगितले होते. मी लिहिले नाही. खाली नाव, कर्मचारी क्रमांक, सही. सहीखालची टिंबं त्याने दिली नाहीत.

उर्वशीने ते वाचलं. फोनवर फॉर्मचा फोटो काढला आणि पाठवून दिला. दोन मिनिटांतच देवाजीच्या टेबलावरचा फोन वाजू लागला. कुणाचा ते त्याला ठाऊक होतं. त्याने तो वाजू दिला.

"बाई, साऱ्यांना आत बोलाव."

चौघी आत आल्या. एक थकलेली, काठीवर. एक चाळिशीची, कडेवर नातू. दोघी सख्ख्या जावा. साऱ्या सोमारी. शिपायाने खुर्च्या आणल्या, पण बसली फक्त काठीवाली. देवाजीने कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढ्यात घेतला.

"आता सांगा. कवाचा जलम. सावकाश सांगा."

पहिली सोमारी टेबलाला टेकून उभी होती.

"आता घेते का तुमचं कम्प्युटर?"

"कम्प्युटरचं मले मालूम नाई. मी कागदावर लिवून घेतो."

"तवा बी कागदच होता, भाऊ."

फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. देवाजी पेन धरून बसून राहिला. अखेर काठीवालीनेच तोंड उघडलं. तिने आपलं सांगितलं: कोसऱ्याची कापणी, त्या साली गावात देवीची साथ, अंगणात बाप मेलेला आणि आत ती जन्मलेली. देवाजीने सगळं लिहिलं, बापाचं नावसुद्धा. दुसरीचा जन्म पोळ्याच्या आदल्या सोमवारचा. जावांपैकी थोरलीला साल नक्की माहीत होतं, कारण त्याच साली गावात पहिली मोटार आली होती. धाकटी म्हणाली, हिच्याहून दोन पंडुमं मागं. उर्वशी बाजूला बसून साल जुळवत होती. तिने फोनवर कुठल्या कुठल्या साली पूर आले ते शोधलं आणि दोनदा देवाजीला थांबवून काहीतरी दुरुस्त केलं. पंचेचाळीस मिनिटं लागली. पाच जणींना पंचेचाळीस मिनिटं.

पहिल्या सोमारीने शेवटी आपलं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. मग ती म्हणाली, "वाचून दाखव."

देवाजीने पाचही कागद वाचून दाखवले. तिला वाचता येत नव्हतं, पण तो वाचत असताना ती कागदाकडेच पाहत होती. एका ठिकाणी तिने त्याला थांबवलं; काठीवालीच्या बापाचं नाव चैतू नाही, चैतराम. त्याने खोडून नीट लिहिलं.

उर्वशीने कागद गोळा केले आणि लॅपटॉप उघडला. सव्वाचार वाजून गेले होते. देवाजीने पेनाला टोपण लावलं, तशी सोमारीने टेबलावर बोटाने ठोकलं.

"आता तिचं लिव."

"कोणाचं?"

"सहावीचं. नदीकडच्या घरची."

"बाई, ते तं गेली ना. तिचं खातं बंदच करा लागते."

"कर ना बंद. कोन नाई म्हणते." सोमारीने पिशवी उचलून काखेत धरली, पण ती दाराकडे वळली नाही. "ते गेली. पण ते एक जानेवारीची नव्हती."

देवाजीने टोपण काढलं आणि नवा कागद घेतला.